चॅसिसचा नवा तुकडा आणि मूळ माप

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या पुनरुज्जीवनात लोकांचे लक्ष रंगाकडे, चामड्याच्या आसनांकडे आणि क्रोमच्या झळाळीकडे जाते. परंतु ती गाडी सरळ रस्त्यावर सरळ धावेल की नाही आणि वळणावर चारही चाके जिथे टेकायला हवीत तिथेच टेकतील की नाही, हे ठरवणारी वस्तू या सर्वांच्या खाली दडलेली असते. ती म्हणजे चॅसिस, अर्थात इंजिन, गिअरबॉक्स, चाकांना धरून ठेवणारे सस्पेन्शन आणि वरची बॉडी यांना परस्परांपासून नेमक्या अंतरावर बांधून ठेवणारा पोलादी सांगाडा. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत हा सांगाडा अनेकदा गंजाने पोखरलेला, एखाद्या अपघातात थोडासा वाकलेला आणि मधल्या काळात पत्र्याची ठिगळे लावून कसाबसा तगवलेला असतो, आणि त्याचा हवा तो तुकडा तयार मिळेलच अशी खात्री नसल्यामुळे तो नव्याने घडवावा लागतो. या घडणीत पत्रा कापणे, वाकवणे आणि जोडणे ही कामे डोळ्यांत भरणारी असली, तरी खरी कसोटी त्यांच्या आधीच लागते, कारण ज्या जुन्या तुकड्यावरून नवा बनवायचा त्याच्या मापांवरच विश्वास ठेवता येत नाही.

हे काम नीट समजून घेण्यासाठी इंग्लंडमधील कव्हेंट्री येथे बनलेल्या ट्रायम्फ टीआर मालिकेतील उत्तरकालीन गाड्या, म्हणजे १९६५ मध्ये आलेली टीआर४ए, १९६७ ची टीआर५ आणि १९६८ ते १९७६ या काळात बनलेली टीआर६, फार उपयोगी पडतात. आधीच्या टीआर४ मध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसलेली असत; टीआर४ए मध्ये प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्रपणे वर-खाली होता यावे अशी रचना आली (अमेरिकेच्या बाजारात अखंड आसाची आवृत्तीही विकली गेली, ती गोष्ट वेगळी) आणि तिच्यासाठी चॅसिसचा मागचा भाग मुळापासून बदलावा लागला. पत्र्याच्या बंद पेटीसारखे दोन लांब दांड पुढून मागे जातात, गाडीच्या मध्यावर ते एकमेकांच्या जवळ येतात आणि मागे पुन्हा फाकतात. प्रत्येक मागच्या चाकासाठी ॲल्युमिनियमची एक ओतीव भुजा असते. तिचे पुढचे टोक चॅसिसच्या तिरक्या आडव्या दांड्याला दोन ब्रॅकेटांनी बिजागरीसारखे जोडलेले असते, मागच्या टोकाला चाक असते आणि गाडीचे वजन कॉइल स्प्रिंगमार्फत तिच्यावर येते. चाक कोणत्या दिशेला तोंड करून उभे राहील, हे त्या दोन ब्रॅकेटांच्या जागेवरच अवलंबून असते.

येथे बंद पेटी या आकाराचे महत्त्व आकड्यांनी पाहण्याजोगे आहे. पुढचे उजवे चाक खड्ड्यात गेले आणि डावे वरच राहिले की चॅसिसला पीळ पडतो, आणि उघड्या गाडीत छताचा आधार नसल्यामुळे हा पीळ सोसण्याचा बराचसा भार चॅसिसवरच येतो. समजा, २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची ७५ मिलिमीटर चौरस अशी चारही बाजूंनी बंद नळी घेतली आणि तिच्या एका कोपऱ्यावरून पूर्ण लांबीभर करवतीने केवळ एक चीर पाडली. पोलाद तेवढेच राहिले, वजन तेवढेच राहिले, परंतु पिळाला विरोध करण्याची तिची ताठरता सुमारे हजारपट कमी होते, कारण बंद नळीत पत्र्यातला ताण चारही भिंतींतून अखंड फिरू शकतो आणि चीर पडल्यावर त्याची ती वाट तुटते. प्रत्यक्ष चॅसिसमध्ये आडवे दांडे आणि बॉडी यांचा आधार असल्याने घट एवढी टोकाची नसते. तथापि खालच्या जोडाच्या कडेने हातभर लांबीत गंज आरपार गेला असेल, तर ते केवळ एक भोक नसून पेटी उघडली गेल्याचे लक्षण आहे, आणि त्यावर बाहेरून चार ठिकाणी टाके घालून पत्रा चिकटवल्याने ती पुन्हा बंद होत नाही.

गंज कुठे लागतो यालाही नियम आहे. या चॅसिसच्या पुढच्या भागावर इंजिनातून झिरपणाऱ्या तेलाचा थर वर्षानुवर्षे साचत गेल्यामुळे तो बहुधा चांगला टिकतो. मागे मात्र चाकांनी उडवलेला चिखल तिरक्या दांड्याच्या बेचक्यात साठतो, आणि इंग्लंडच्या हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ त्या चिखलाबरोबर तिथेच मुरते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केलेल्या जोडात केसाएवढी फट उरते, तिच्यात पाणी केशाकर्षणाने ओढले जाते, आणि फटीच्या आत प्राणवायू कमी व बाहेर जास्त असा फरक पडल्यामुळे आतला पत्रा अधिक वेगाने क्षरण पावतो. तयार होणारा गंज मूळ पोलादापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो दोन्ही पत्रे फुगवून एकमेकांपासून दूर ढकलतो. याच कारणाने गंजलेल्या जोडावर घेतलेले माप खोटे निघते, कारण तिथला पत्रा आता कारखान्यात होता त्या जागी राहिलेलाच नसतो.

गंजाशी संबंध नसलेला, रचनेतूनच आलेला एक दोषही या गाड्यांत प्रसिद्ध आहे, आणि तो जवळून पाहिल्यावर सांगाड्यावर बले कशी काम करतात हे स्पष्ट होते. मागच्या दोन चाकांना शक्ती वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, म्हणजे डिफरन्शियल, चॅसिसच्या आडव्या दांड्यांना खाली लोंबणाऱ्या चार खुंट्यांवर रबराच्या गाद्यांमधून बसवलेली असते. या चारांपैकी पुढची उजवी खुंटी आपल्या ब्रॅकेटासकट उखडते, अशी तक्रार या गाड्या सांभाळणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. कारण असे की, इंजिनाकडून येणारा शाफ्ट मागून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि डिफरन्शियलच्या पेटीलाही त्याच दिशेने कलवू पाहतो, म्हणजे तिची उजवी बाजू वर ढकलली जाते. त्याच वेळी मागची चाके गाडीला पुढे रेटत असल्याने प्रतिक्रियेने पेटीचे नाक वर उचलले जाते. पुढच्या उजव्या कोपऱ्यात ही दोन्ही बले एकाच दिशेने मिळतात, पुढच्या डाव्या कोपऱ्यात ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. पेट्रोल इंजेक्शनच्या टीआर६ साठी कंपनीने जाहीर केलेले सुमारे २२० न्यूटन-मीटरचे पिळबल धरले, तर पहिल्या गिअरच्या ३.१४ या गुणोत्तराने शाफ्टवर ते सुमारे ६९० होते, आणि डिफरन्शियलच्या ३.४५ या गुणोत्तराने चाकांच्या आसाशी २,४०० न्यूटन-मीटरच्या जवळ पोहोचते. क्लच झटक्याने सोडल्यावर हा भार एका खुंटीभोवतीच्या पातळ पत्र्यावर पुन्हापुन्हा आदळतो, पत्रा दर वेळी किंचित लवतो, आणि अशा लवण्यातून धातू थकून भेग पडते.

मापनाचे काम गाडी सुटी करण्याच्या आधीच सुरू होते. बॉडी उचलण्यापूर्वी दारांच्या उघड्या जागेत आडव्या-तिरक्या पट्ट्या तात्पुरत्या जोडतात, नाहीतर चॅसिसवरून निघताच ती मधून लवते आणि नंतर दारे बसत नाहीत. तसेच बॉडी आणि चॅसिस यांच्या मधल्या प्रत्येक बोल्टापाशी किती जाडीच्या चकत्या होत्या याची नोंद ठेवतात, कारण कारखान्यात राहिलेली लहानसहान तफावत त्या चकत्यांनीच भरून काढलेली असते. नंतर चॅसिस सपाट फरशीवर उभी करून पाणसळीने समतल केली जाते. ज्या छिद्रांवर सस्पेन्शन बसते त्यांच्या मध्यबिंदूंपासून ओळंबे सोडून ते बिंदू फरशीवर खुणावतात, त्यांच्या जोड्यांचे मध्य काढून पुढून मागपर्यंत एक मध्यरेषा आखतात, आणि मग डाव्या पुढच्या बिंदूपासून उजव्या मागच्या बिंदूपर्यंतचा व त्याच्या उलटचा असे दोन्ही कर्ण मोजतात. कर्ण सारखे नसतील तर सांगाडा सममित राहिलेला नाही, तो एका बाजूला सरकला आहे. ओळंब्याची उंची बदलत असेल तर त्याला पीळ आहे. या गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत चॅसिसचा मापांसह नकाशा दिलेला असतो. त्याच्याशी प्रत्येक माप ताडून पाहिल्यावरच जुन्या तुकड्याची कोणती कड खरी आणि कोणती बिघडलेली हे ठरवता येते.

एका बाजूचा भाग शाबूत असेल तर त्याचे प्रतिबिंब घेऊन दुसऱ्या बाजूचा बनवता येतो. मात्र स्टिअरिंग, एक्झॉस्ट आणि ब्रेकच्या नळ्या यांच्यासाठी केलेली सोय दोन्ही बाजूंना सारखी नसते, हे ध्यानात ठेवावे लागते. काटेकोरपणाची गरज किती असते हे एका हिशेबावरून दिसेल. मागच्या भुजेच्या दोन ब्रॅकेटांमधले अंतर ३०० मिलिमीटर मानले आणि त्यांपैकी एक ब्रॅकेट जागेपासून १ मिलिमीटर पुढे बसले, तर भुजा सुमारे ०.१९ अंशांनी फिरते, आणि १५ इंची चाकाच्या पुढच्या व मागच्या कडांमध्ये सव्वा मिलिमीटरचा फरक पडतो. एवढा फरक कारखान्याने ठेवलेल्या पातळ चकत्यांनी सुधारता येतो. तीन-चार मिलिमीटरची चूक झाली तर चकत्यांनी ती झाकत बसण्यात अर्थ नाही, तिथे जोड कापून पुन्हा करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

म्हणून जुना भाग कापण्यापूर्वी जिग तयार करतात. जिग म्हणजे जाड भिंतीच्या चौकोनी नळ्यांची एक भक्कम चौकट, जी चॅसिसच्या शाबूत छिद्रांना बोल्टांनी घट्ट बसते आणि जिच्यावर नव्या ब्रॅकेटांच्या जागा सळईने वा बोल्टाने आधीच निश्चित केलेल्या असतात. सडलेला भाग कापून काढल्यावर उरलेल्या दांडांना त्यांची जागा ठाऊक राहावी, हा तिचा उद्देश असतो. अनुभवी कारागीर दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही कापत नाहीत. एक बाजू कापून, नवी बसवून, थंड झाल्यावर पुन्हा मोजून मगच दुसरीला हात लावतात.

कारखान्यात हे भाग शेकडो टनांच्या दाबयंत्राखाली पोलादी साच्यांत एका दाबात घडत असत, आणि त्यामुळे त्यांच्यात एकाच पत्र्याला दोन दिशांनी दिलेले बाक सहज येत. लहान कार्यशाळेत असा साचा करणे परवडत नाही. तिथे आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून तो जागेवर लावून पाहतात, तो पत्र्यावर उतरवतात, सरळ घड्या वाकवण्याच्या यंत्रावर घालतात, आणि जिथे कड गोलाईत वळवायची असते तिथे कठीण लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये पत्रा आवळून बाहेर राहिलेली कड हातोडीने हळूहळू वळवतात. बाक फारच अवघड असेल तर तो भाग दोन-तीन तुकड्यांत करून कोपऱ्यांवर वेल्ड करतात आणि कानशीने वा ग्राइंडरने जोड साफ करतात.

पत्रा वाकवताना लांबीचा हिशेब चुकण्याचा संभव मोठा असतो. घडीच्या बाहेरच्या बाजूला धातू ताणला जातो, आतल्या बाजूला दाबला जातो, आणि या दोहोंच्या मध्ये एक पातळी अशी असते की जिची लांबी बदलत नाही. अभियांत्रिकीत तिला उदासीन पातळी म्हणतात. समजा, २ मिलिमीटर पत्र्याचा बाहेरून ५० आणि ४० मिलिमीटर बाजू असलेला काटकोनी तुकडा हवा आहे आणि घडीची आतली त्रिज्या २ मिलिमीटर आहे. तर घडीच्या दोन्ही बाजूंचे सरळ भाग ४६ आणि ३६ मिलिमीटरचे राहतात, आणि उदासीन पातळी आतल्या पृष्ठापासून जाडीच्या ०.४२ अंतरावर धरल्यास वळणाची लांबी सुमारे ४.४६ मिलिमीटर येते, म्हणजे सपाट पत्रा ९० नव्हे तर ८६.४६ मिलिमीटर कापावा लागतो. दोन घड्यांच्या पन्हळीत हे विसरल्यास तुकडा सात मिलिमीटरने मोठा होतो. त्यातच दाब काढल्यावर पत्रा एखाद-दोन अंश मागे उघडतो, म्हणून नव्वद अंशांसाठी थोडे अधिक वाकवावे लागते. नेमके किती, हे त्याच पत्र्याच्या कापलेल्या पट्टीवर आधी करून पाहिल्यानेच कळते.

वेल्डिंगच्या वेळी उष्णता आतापर्यंतच्या सगळ्या काळजीवर पाणी फिरवू शकते. पोलादाचा एक मीटर लांबीचा दांड १०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे १.२ मिलिमीटर लांबतो, परंतु जोडाशी तापमान दीड हजार अंशांच्या आसपास असते आणि भोवतालचा थंड पत्रा तापलेल्या भागाला पसरू देत नाही; त्यामुळे तो भाग जागच्या जागी दबतो आणि थंड होताना आखडून दांडाला आपल्याकडे ओढतो. ही ओढ टाळता येत नाही, तिची समतोल वाटणी मात्र करता येते. प्रथम सर्व ठिकाणी बारीक टाके घालून तुकडा धरून ठेवतात, मग एका बाजूला बोटभर लांबीचा जोड घातल्यावर समोरच्या बाजूला तेवढाच घालतात, आणि प्रत्येक लहान टप्पा आधीच्या टप्प्याच्या दिशेने मागे ओढत आणतात. जिथे मूळ भागात दोन पत्र्यांवर विद्युतप्रवाहाने टिपके मारून जोड केलेला असतो, तिथे वरच्या पत्र्याला छिद्रे पाडून ती वेल्डने भरतात. काम पूर्ण गार झाल्याशिवाय जिगचे बोल्ट सैल करत नाहीत, आणि सैल केल्यावर ते बोट दाबून पुन्हा सहज आत गेले तर काम जमले असे समजतात.

नवा भाग मूळ भागापेक्षा मजबूत करावा का, हा प्रश्न पुनरुज्जीवनात सतत येतो. डिफरन्शियलच्या पुढच्या उजव्या खुंटीच्या ब्रॅकेटाला आडव्या पट्ट्या घालून त्याची पेटी बनवणे समर्थनीय आहे, कारण दोष स्पष्ट आहे, त्याचे कारण ज्ञात आहे आणि उपाय त्या कारणालाच भिडतो. याउलट, जुन्या २ मिलिमीटरच्या दांडावर सर्वत्र जाड पत्रे चढवण्याची सवय घातक आहे: जिथे जाड भाग अचानक संपतो तिथे ताठरता एकदम बदलते, ताण त्याच रेषेवर गोळा होतो, आणि नवी भेग दुरुस्तीच्या काठावरच सुरू होते. म्हणून मजबुतीची पट्टी लावायचीच असेल तर तिची टोके दांडाला काटकोनात न कापता माशाच्या तोंडासारखी आत खोबणी देऊन निमुळती करतात, म्हणजे भार टप्प्याटप्प्याने जुन्या पत्र्यावर उतरतो. भारी दर्जाचे पोलाद वापरले म्हणून चॅसिस अधिक ताठ होईल, हा समजही चुकीचा आहे. साधे पोलाद असो वा मिश्रपोलाद, लवचिकतेचा गुणांक जवळजवळ सारखाच राहतो, वाढते ती तुटण्यापूर्वी भार सोसण्याची मर्यादा. ताठरता येते ती आकारातून.

काही गाड्यांत मात्र पदार्थ बदलला की सगळेच बदलते. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे सादर झालेल्या जॅग्वार ई-टाइपची पुढची चौकट, जिच्यावर इंजिन आणि पुढचे सस्पेन्शन बसते, रेनॉल्ड्‌स ५३१ या मँगॅनीज-मॉलिब्डेनमयुक्त पोलादाच्या पातळ चौकोनी नळ्यांची असते आणि तिचे जोड ब्राँझने झाळलेले असतात, म्हणजे नळी न वितळवता सुमारे ९०० अंशांना वितळणारा ब्राँझ धातू सांध्यात भरलेला असतो. अशा नळ्या निष्काळजीपणे वेल्ड केल्यास जोडाशेजारचे पोलाद कडक आणि ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून बदली चौकट करणाऱ्याला झाळण्याचे जुने कसब आत्मसात करावेच लागते. १९६२ च्या लोटस इलानमध्ये घडी घातलेल्या पत्र्याचा एकच कणा गाडीच्या मधोमध जातो, आणि त्याचा पुढचा आडवा दांडा वर-खाली होणाऱ्या दिव्यांसाठी निर्वात टाकी म्हणूनही वापरलेला असतो. तिथल्या जोडाने केवळ भार सोसून भागत नाही, तो हवाबंदही असावा लागतो. त्याच वर्षीच्या ट्रायम्फ स्पिटफायरची चॅसिस हेराल्ड या साध्या गाडीच्या चॅसिसवरून, लांबी कमी करून आणि बाजूचे दांड काढून बेतली गेली. हेराल्डचीच भारतीय आवृत्ती मद्रासच्या कारखान्यात स्टँडर्ड हेराल्ड या नावाने बनत असे, आणि त्यामुळे स्पिटफायरच्या खाली वाकून पाहणाऱ्या भारतीय फिटरला त्या रचनेत ओळखीच्या खुणा सापडतात.

पूर्ण झालेल्या चॅसिसवर वितळलेल्या जस्ताचा लेप देण्याचा मोह होतो, आणि इलानसाठी नंतर मिळू लागलेल्या बदली चॅसिस तशा लेपाच्या होत्याही. परंतु जस्ताचे कुंड सुमारे ४५० अंशांना असते. बंद पेटीत हवा वा ओल अडकली असेल तर ती कुंडात फुटू शकते, म्हणून प्रत्येक पोकळीला छिद्रे असावीच लागतात, आणि वेल्डिंगमुळे आत कोंडलेला ताण त्या उष्णतेत मोकळा होऊन सांगाडा वाकण्याची शक्यताही राहते. जिगवर मिळवलेली अचूकता जपायची असेल तर बाहेरून रंग, पोकळीत पाझरणारे मेण आणि दांडाच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाण्याचा निचरा करणारी छिद्रे, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

गाडीची ओळख कशात आहे, हा प्रश्न शेवटी कायद्यापर्यंत जातो. ब्रिटनच्या नोंदणी यंत्रणेने अनेक वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत जुना नोंदणी क्रमांक टिकवण्यासाठी १४ पैकी किमान ८ गुण लागत आणि त्यांतले ५ गुण एकट्या चॅसिसला असत. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्यूरिन सनद मूळ पदार्थ शक्य तितका राखण्यावर भर देते आणि नव्याने बसवलेला भाग नवा म्हणून ओळखू येईल अशी सूक्ष्म, कायमची खूण त्यावर असावी अशी अपेक्षा ठेवते. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. तिच्यासाठी वाहन ५० वर्षांहून जुने असावे लागते आणि त्याच्या चॅसिसमध्ये, बॉडीत वा इंजिनात मूळ स्वरूप बदलणारा मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. मूळ मापाने, मूळ जाडीच्या पत्र्याने केलेली दुरुस्ती आणि रचना बदलणारा फेरफार यांत फरक आहे, परंतु वेल्ड घासून रंग दिल्यावर तो डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे कापण्यापूर्वीची मापे, जिगवर बसलेल्या भागांची छायाचित्रे, वापरलेल्या पत्र्याची जाडी आणि कापून काढलेला गंजका तुकडाही, त्यावरील क्रमांक शाबूत असल्यास, गाडीच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवणे कारागिराच्या आणि मालकाच्या दोघांच्याही हिताचे असते.